काचबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी डोळ्याचा दाब उतरेना? पुढे काय उपचार असतात, जाणून घ्या

धाराशिव : मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पट्टी निघाली की बहुतेकांना स्वच्छ दिसू लागतं. काचबिंदूच्या ऑपरेशननंतर तसं होत नाही. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली वाचवण्यासाठीच हे ऑपरेशन असतं. हा फरक माहीत नसला की ‘ऑपरेशन फेल गेलं’ म्हणून रुग्ण तपासणी सोडतो. दुसरीकडे, दाब खरंच वाढलेला असला तरी सहसा डोळा दुखत नाही. म्हणजे घरबसल्या काहीच कळत नाही.

दाब का उतरत नाही?

डोळ्यात मिनिटाला साधारण २ ते ३ मायक्रोलिटर पाणी तयार होतं. निचरा अडला की दाब वाढतो आणि दृष्टीची नस हळूहळू निकामी होते. १० ते २१ मिलिमीटर पारा हा सर्वसाधारण दाब. नस आधीच खराब असेल तर त्याहून कमी लागतो. ट्रॅबेक्युलेक्टोमी या ऑपरेशनात वरच्या पापणीखाली पाण्याला नवी वाट काढून देतात. अडचण अशी, की शरीर या वाटेला जखम समजून ती भरायला लागतं. ठिबकची नळी क्षाराने चोक व्हावी, तसंच. हे रोखायला ऑपरेशनवेळी मायटोमायसिन-सी लावतात, तरी काहींची वाट बुजतेच.

मग डॉक्टर काय करतात?

सुरुवातीच्या दिवसांत टाके घट्ट असतील तर लेझरने एखादा टाका तोडतात. नंतर व्रण धरू लागला तर बारीक सुईने तो मोकळा करतात, याला नीडलिंग म्हणतात. ही संधी पहिल्या काही आठवड्यांत जास्त असते. धाराशिवहून सोलापूर साधारण ७० किलोमीटर. दर आठवड्याला सोबतीला माणूस घेऊन एसटीने जाणं सोपं नाही. पण या फेऱ्या म्हणजे नुसती तपासणी नाही, तो ऑपरेशनचाच उरलेला भाग आहे. मधल्या काळात दाब जवळच्या नेत्रतज्ज्ञांकडे मोजला तर चालेल का, हे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावं.

एवढ्यानेही भागलं नाही तर दाबाचे थेंब पुन्हा सुरू होतात. दमा असेल तर आधी सांगा, टिमोलॉलसारखे थेंब दमेकऱ्यांना चालत नाहीत. त्यापुढची पायरी म्हणजे दुसरं ऑपरेशन किंवा डोळ्यात बारीक नळी. अहमद व्हॉल्व्ह त्यातलाच. मदुराईच्या ऑरोलॅबची नळी तुलनेने स्वस्त पडते. तिला झडप नसते, म्हणून ती सुरुवातीला विरघळणाऱ्या दोऱ्याने बांधलेली असते आणि साधारण पाच-सहा आठवड्यांनी उघडते. तोवर दाब चढा राहिला म्हणून घाबरू नये आणि थेंबही बंद करू नयेत. हेही जमलं नाही, तर पाणी तयार करणारा भागच लेझरने काही प्रमाणात निकामी करतात.

स्टेरॉइडच्या थेंबांचं काय?

ऑपरेशननंतर दिलेले हे थेंब व्रण धरू देत नाहीत, पण काहींचा दाब त्यांनीच वाढतो. त्यामुळे ते मनाने बंद करू नयेत आणि जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून पुन्हा आणूही नयेत. दुसऱ्या डोळ्याचे थेंब मात्र बहुतेक वेळा चालूच ठेवायचे असतात.

कधी थांबायचं नाही?

ऑपरेशनला कितीही वर्षं झाली असोत, तो डोळा लाल झाला, दुखला, चिपड येऊ लागली किंवा अचानक धूसर दिसू लागलं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. जंतुसंसर्ग असेल तर तो काही तासांत डोळ्याच्या आत उतरू शकतो.