दहा फुटांचा उजेड

मांडवी एक्सप्रेसमध्ये समोर बसलेल्या कॉलेजच्या पोरांकडे एकेक चांगला फोन होता. फोटो मात्र सगळे एकाच कॅमेऱ्यावर चालले होते. चंदेरी, कोपरे झिजलेला, मनगटात दोरी अडकवलेला जुना सायबरशॉट. खिडकीतून ऊन येत असतानाही फ्लॅश मारून फोटो काढणं चाललं होतं. कुठून आणला, असं विचारल्यावर एकीने सांगितलं, "बोरा बाजार. अजून मिळतात."

हे अजून मिळणं बघायला मी फोर्टात गेलो. बोरा बाजारातला धंदा आता मुख्यतः लग्नाच्या फोटोग्राफरांवर चालतो. काचेच्या कपाटांत मोठे कॅमेरे, दारात स्टँड आणि दिवे. खिशातले कॅमेरे काउंटरच्या खालच्या खणात एकमेकांवर पडलेले असतात. 2010 साली जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या हिशेबात जगभर 12 कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाहेर पडले होते. 2023 मध्ये तो आकडा 80 लाखांच्याही आत आला. मधल्या काळात फोनने काय केलं ते सांगायला नको. पण ते 12 कोटी कुठे गेले, त्याचं थोडंसं उत्तर या खणात आहे.

मला पुन्हा पुन्हा तिथे नेलं ते मात्र एका दुकानाच्या पोटमाळ्याने. लाकडी शिडी, वर दिव्याखाली एक टेबल, आणि स्पिरिट व सोल्डरच्या धुराचा एकत्र वास. दुरुस्ती करणाऱ्या काकांकडे कुणी कॅमेरा दिला की ते आधी त्याच्याकडे बघतच नाहीत. कानाशी धरतात आणि बटण दाबतात. नीट असेल तर लेन्स एका दमात, झर्रकन बाहेर येते. मी असताना एका कॅननची लेन्स करकरत अर्धीच बाहेर आली आणि अडकली.

"समुद्र," काका म्हणाले.

कॅमेरा उघडल्यावर सगळ्यात आधी त्यांनी आतल्या फ्लॅशच्या कपॅसिटरला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला. चट्‌ करून ठिणगी उडाली. सेल काढून ठेवला तरी तिथे तीनशेच्या आसपास व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. मग चिमट्याने एकात एक बसलेल्या नळ्या सोडवल्या. मधल्या नळीच्या खाचेत वाळूचा कण होता. तो कण मला दिसावा म्हणून त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं, तरी मला जरा वेळच लागला. एवढ्याशाने प्लॅस्टिकचं दातेरी चाक अडतं आणि पडद्यावर 'लेन्स एरर' येतो. लोक किनाऱ्यावर कॅमेरा चालू ठेवून पिशवीत टाकतात, ही काकांची कायमची तक्रार. दुसरी तक्रार पावसाळ्याची. मुंबईच्या दमटपणात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते, आणि ती आतल्या काचेवर असली तर कितीही पुसा, जात नाही.

तेवढ्यात खालून दुकानदाराने हाक मारली. डोंबिवलीचे बहीण-भाऊ आले होते. दिवाळीत मालवणला जायचं होतं आणि बजेट पाच हजारांच्या आत. भावाने गुलाबी रंगाचा, पुढच्या बाजूला 20 मेगापिक्सेल लिहिलेला कॅमेरा धरून ठेवला होता.

"दादा, हा आकडा पुसून टाका, मग बघू," काका म्हणाले.

त्यांचं बरोबरच होतं. या स्वस्त कॅमेऱ्यांमधला सेन्सर जेमतेम सहा मिलिमीटर रुंद असतो. तेवढ्याच जागेत दहाऐवजी वीस मेगापिक्सेल कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला उजेड कमी येतो. चार बाय सहाच्या छापील फोटोला तर दोनच मेगापिक्सेल पुरतात. तरीही वर्षानुवर्षं कॅमेऱ्याच्या कपाळावर हाच आकडा मिरवला गेला, कारण दुकानात बोट दाखवायला तो सोपा.

मुलीला हवा होता "सीसीडीवाला". जुन्या सीसीडी सेन्सरचे रंगच वेगळे, असं तिने मोबाईलवर पाहिलं होतं. काका हसले. "ते रंग निम्मे फ्लॅशचे आहेत, ताई. आणि फ्लॅश पोचतो दहा फूट." दहा फूट. फोनच्या दिव्यापेक्षा झेनॉनचा हा झगझगाट कितीतरी जोरदार असतो. त्यात चेहरे पांढरे उजळतात, मागचं सगळं काळोखात जातं, आणि आजच्या पोरांना नेमकं तेच आवडतं. पण फक्त दहा फूट. रात्री सिंधुदुर्गाच्या तटाकडे फ्लॅश मारला तर समोरची हवा तेवढी उजळेल. माझ्या मते या सगळ्या सीसीडीच्या जादूत सेन्सरपेक्षा या दहा फुटांचा आणि आठवणींच्या बाजारभावाचा वाटा जास्त आहे.

तपासणी चटकन झाली. सेलचं झाकण उघडून हिरवा गंज आहे का ते पाहिलं, झूम आतबाहेर केला, पांढऱ्या कागदाचा फोटो काढून डाग शोधले, दोनदा फ्लॅश मारून तो किती वेळात पुन्हा भरतो ते बघितलं. गुलाबी कॅमेरा यात पास झाला. काकांनी तो तरीही बाजूला ठेवला, कारण त्याची चपटी बॅटरी फुगायला आली होती आणि अस्सल नवी आता सहज मिळत नाही. त्यांनी खणातून कॅननचा ए-मालिकेतला एक जाडजूड कॅमेरा काढला. दोन पेन्सिल सेलवर चालणारा. वर डोळा लावून बघायची छोटी खिडकीही होती. भर उन्हात किनाऱ्यावर पडदा दिसेनासा होतो, तेव्हा ती कामाला येते.

"हा किती जाड आहे, काका!" मुलगी म्हणाली.

"मालवणात सेल संपले तर कुठल्याही टपरीवर मिळतील. फक्त रिमोटचे स्वस्तवाले घालू नका, थोड्याच फोटोंत बसतील. रिचार्जवाले घ्या, चार."

कार्डावरून घोळ झाला. मुलाने खिशातून 64 जीबीचं काढलं, आणि कॅमेऱ्याने ते ओळखलंच नाही. फार जुन्या मॉडेलांना 2 जीबीच्या वरचं चालत नाही. हे त्यानंतरचं असल्याने 8 जीबीचं चाललं. तेही खणातच सापडलं.

दुकानदाराने चार हजार सांगितले, मुलीने तीन, आणि साडेतीनवर कार्डासकट मिटलं. पोरं गेल्यावर मी काकांना विचारलं, यात तुमचे किती?

"उघडला तर सहाशे," ते म्हणाले. "नुसता ऐकला तर चहा."