मात्रा मोजली, अंतर राखले नाही

अणुसंशोधनातील किरणोत्सर्ग सुरक्षेची पद्धतशीर सुरुवात १९४२ मध्ये अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत झाली. तेथील आरोग्य विभागाने कर्मचाऱ्यांसाठी दिवसाला ०.१ रॉन्टजेन ही मर्यादा स्वीकारली. अंगावरील फिल्मच्या बिल्ल्यावरून कोणाला किती मात्रा मिळाली, याची नोंद ठेवली जात असे.

मात्र बिल्ला मात्रा मोजतो, ती रोखत नाही. न्यू मेक्सिकोतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत ही मर्यादा उघड झाली. तेथे ६.२ किलो प्लुटोनियमच्या गोळ्याभोवती न्यूट्रॉन परतवणारे पदार्थ रचून साखळी प्रक्रियेचा टप्पा तपासला जाई आणि हे काम हातांनीच होत असे. २१ ऑगस्ट १९४५ रोजी हॅरी डॅघ्लियन यांच्या हातून टंगस्टन कार्बाइडची वीट गोळ्यावर पडली. २५ दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला.

तरीही पद्धत बदलली नाही. २१ मे १९४६ रोजी लुई स्लोटिन त्याच गोळ्याभोवतीचे बेरिलियमचे अर्धगोल केवळ स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने विलग ठेवत होते. स्क्रूड्रायव्हर निसटला आणि निळा प्रकाश चमकला. त्यांनी वरचा अर्धगोल तत्काळ दूर सारला. खोलीतील अन्य सात जण बचावले. स्लोटिन मात्र नवव्या दिवशी दगावले.

त्यानंतर असे प्रयोग हातांनी करणे थांबले. शास्त्रज्ञ सुमारे ४०० मीटरवरून यंत्रांद्वारे ते करू लागले. वेळ, अंतर आणि आवरण या आजच्या सुरक्षासूत्रातील ‘अंतरा’ची किंमत लॉस अलामॉसने दोन जीव गमावून मोजली.