पाण्याखालचा इशारा



आपल्या जऊळक्याला रेल्वे आहे, पण समुद्र फार दूर. तरी आज आम्ही पाण्याखालच्या छायाचित्रणातील एका दोरीविषयी बोलणार आहोत. कारण ती दोरी हाताने काम करणाऱ्या कोणालाही घरी करता येते.

मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर बुडी मारून प्रवाळ आणि मासे दाखविण्याचा धंदा आता चांगला रुजला आहे. पाण्यात पाच मीटरांवरच तांबडा रंग फिका पडतो. म्हणून कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीबाहेर, दांड्यांवर, मोठे फ्लॅश लावतात. ते कॅमेऱ्याबरोबर त्याच क्षणी उजळले पाहिजेत. हा इशारा तांब्याच्या तारेने द्यायचा, तर पेटीला छिद्र ठेवून विजेचा जोड द्यावा लागतो. तेथे खारे पाणी शिरले की जोड गंजतो, प्रसंगी कॅमेराही जातो. फोटोंवर ज्याची रोजी, त्याचा हंगामच बुडतो.

प्रकाशतंतूला छिद्र लागत नाही. कॅमेऱ्याचा लहान फ्लॅश पेटीच्या पारदर्शक भिंतीआडून चमकतो आणि तंतू तो उजेड मोठ्या फ्लॅशच्या प्रकाशग्राही डोळ्यापर्यंत नेतो. प्रकाशाच्या दृष्टीने तंतूचा गाभा दाट व वेष्टन विरळ असते. त्यामुळे तिरपा आलेला किरण कडेवरून परतून आतच राहतो. पंजाबात मोगा येथे १९२६ साली जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी हॉपकिन्स यांच्यासह लंडनमध्ये अशा तंतूंच्या जुडीतून चित्र नेऊन दाखविले. त्यांचा लेख १९५४ साली प्रसिद्ध झाला.

आता कृती. एक मिलिमीटर जाडीचा, काळ्या आवरणाचा प्लॅस्टिकचा तंतू घ्यावा. आत शेकडो बारीक गाभे असलेला मिळाला तर उत्तम; वळणावर त्यातून उजेड कमी सांडतो. टोके नव्या पात्याने काटकोनात कापून बारीक पॉलिश पेपरवर घासावीत. तंतू सळईवर गुंडाळून बांधावा, कढत पाण्यात थोडा वेळ धरून लगेच गार पाण्यात घालावा. वेटोळे कायम राहते. दोन्ही टोके भोक पाडलेल्या रबरी बुचांत बसवावीत. एका टोकाशी विजेरी धरली की दुसऱ्या टोकाशी स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. मग एक बूच पेटीवर कॅमेऱ्याच्या फ्लॅशसमोर, दुसरे मोठ्या फ्लॅशच्या डोळ्यावर बसवून कोरड्यावर दहा वेळा चाचणी घ्यावी.

दुकानची दोरी तुटली म्हणून नवी येईतो घरी बसणे, आणि रात्री स्वतः दोरी करून सकाळी कामावर जाणे, यांतले अंतर रोजंदारीच्या माणसाला आम्ही समजावून सांगायला नको.