महामार्गावरचे आकाश कोणाचे?

रस्त्याच्या डोक्यावरची जागा विकून किंवा भाड्याने देऊन राज्याने तिजोरी भरावी, ही कल्पना खानदेशात पहिल्याच पायरीवर अडते. धुळे आणि जळगाव जोडणारा सुरत–नागपूर रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे. २००२च्या कायद्यानुसार त्याची जमीन केंद्राची. त्यावरून साधी तार ओढायलाही महामार्ग प्रशासनाची परवानगी लागते. राज्य महामार्गांवर अधिकार राज्याचा, पण तिथे गिऱ्हाईक कुठे? बॉस्टनमध्ये टर्नपाइक महामार्गावर कोप्ली प्लेस हे संकुल उभे राहिले, वाशीत सिडकोने रेल्वे स्थानकावर कार्यालये बांधली, ती शहरात जागा महाग म्हणून. धुळ्याबाहेर रस्त्यालगत मोकळी शेते असताना खांबांवर इमारत कोण चढवील?

‘थोडे का होईना, उत्पन्न तर येईल’ हा युक्तिवाद मला पटत नाही. शहरी रस्त्यावर पुलाखाली ५.५ मीटर उंची मोकळी ठेवतात. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या आहेत. त्यांच्या मनोऱ्यांचे जाडजूड तुकडे ट्रेलरवर आडवे पडून रस्त्यानेच जातात; डोक्यावर बांधकाम आले, तर त्यांची वाट अडू शकते. शिवाय वाढत्या शहरात उद्या उड्डाणपूल बांधायचा झाला, तर मध्ये भाडेकरूचा करार आडवा येईल. म्हणून विक्री नकोच. भाडेपट्टा दिलाच, तर सार्वजनिक कामासाठी जागा परत घेण्याची अट त्यात पहिल्या पानावर हवी.