महामार्ग सोडून थोडे आत

राहुरी हे गाव बहुतेक प्रवाशांना ठाऊक असते ते वाटेतले गाव म्हणून. नगरहून शिर्डीकडे किंवा मनमाडकडे जाणारी गाडी मुळा नदीचा पूल ओलांडते, बाजारपेठेच्या गर्दीत क्षणभर रेंगाळते आणि पुढे निघून जाते. गाडीतल्या माणसाच्या स्मरणात राहिलाच तर रस्त्याचा त्रास राहतो, गाव राहत नाही. त्याला दोष देता येणार नाही. दोन टोके जोडणे हे महामार्गाचे काम, आणि ते करताना मधला मुलूख विसरला जाणे अपरिहार्यच असते. परंतु याच महामार्गाच्या दोन्ही बाजूंना, सायकलीवरून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल एवढ्या टापूत, महाराष्ट्राच्या इतिहासाचे तीन अगदी वेगवेगळे कालखंड दडलेले आहेत. त्यांच्याकडे जाणारे रस्ते अरुंद आहेत, बहुतांशी शांत आहेत, आणि मोटारीपेक्षा सायकललाच अधिक मानवणारे आहेत. या रस्त्यांविषयी चार शब्द लिहावेत असे वाटते, कारण त्यांचा उपयोग केवळ सहलीपुरता नाही.

पहिला रस्ता पश्चिमेचा. राहुरीहून बारागाव नांदूरकडे निघाले की काही मैलांतच मुळा धरणाचा मातीचा बांध दिसू लागतो. सव्वीस अब्ज घनफूट पाणी साठवण्याची क्षमता असलेल्या या जलाशयाला ज्ञानेश्वरसागर असे सार्थ नाव आहे. हरिश्चंद्रगडाच्या परिसरात उगम पावलेली मुळा येथे अडते आणि खाली राहुरी-नेवाशाच्या शिवाराला भिजवते. तालुक्याच्या या पश्चिम अंगाला मात्र प्रदेश पालटतो. ऊस मागे राहतो, बाळेश्वराच्या डोंगररांगेचे फाटे जवळ येतात, माळरान आणि खडकाळ उतार सुरू होतात. याच भागात ताहाराबाद हे लहानसे गाव आहे. ‘भक्तविजय’ आणि ‘भक्तलीलामृत’ या ग्रंथांचे कर्ते महिपती येथले. जन्म १७१५ चा, देहावसान १७९० चे. ज्ञानेश्वर-नामदेवांबरोबर कबीर आणि नरसी मेहता यांची चरित्रेही ज्याने मराठी घरांत ओवीबद्ध करून पोचवली, तो पुरुष या आडवाटेच्या गावाचा कुलकर्णी होता.

त्यांच्याविषयीची आख्यायिका आपल्यासारख्या लेखणीवर पोट भरणाऱ्यांनी विशेष आठवावी अशी आहे. महिपती पूजेला बसले असता जहागीरदाराचा शिपाई कचेरीत बोलावण्यास आला. पूजा होईपर्यंत थांबण्याची त्याची तयारी नव्हती. महिपती गेले, समोरचे काम त्यांनी पुरे केले, आणि नंतर कानावरची लेखणी काढून ठेवली. यापुढे ती माणसाच्या चाकरीत झिजवायची नाही, संतांची चरित्रेच लिहायची, असा त्यांनी निश्चय केला. कथा अक्षरशः खरी असो वा नसो, ‘भक्तविजय’ १७६२ मध्ये आणि ‘भक्तलीलामृत’ १७७४ मध्ये पूर्ण झाला हे खरे आहे. त्या गावची चढ-उताराची वाट पायांनी तुडवत गेल्यावर एक गोष्ट उमगते. पुस्तके दुर्मीळ आणि प्रवास कष्टाचा असण्याच्या त्या काळात एवढ्या संतांच्या कथा या गावापर्यंत येऊन पोचल्या आणि येथून पुन्हा सर्वत्र गेल्या, हे काही लहान आश्चर्य नव्हे.

दुसरा रस्ता दक्षिणेचा, वांबोरीचा. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची १९६८ साली स्थापना झाल्यापासून राहुरीचे नाव ज्या विद्यार्थ्यांनी महाराष्ट्रभर नेले, त्यांपैकी अनेकांना हा रस्ता परिचयाचा असेल. वांबोरीपर्यंत सपाटी, पुढे घाट. साध्या सायकलवाल्याने येथे उतरून सायकल हातात धरावी आणि चालू लागावे. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. घाट चढताना मागे वळून पाहिले की मुळेचे सखल खोरे पायांखाली पसरलेले दिसते. माथ्यावरच्या मुलखात डोंगरगण, मांजरसुंबा आणि गोरक्षनाथाचा गड ही स्थाने जवळजवळ आहेत. डोंगरगणच्या गर्द घळीला साहेबांनी ‘हॅपी व्हॅली’ म्हटले. लोकांनी तिला रामायणाशी जोडले आहे. मांजरसुंब्याच्या गडावरचे पाण्याचे हौद आणि पडक्या इमारती निजामशाहीची साक्ष देतात. मलिक अहमदने १४९० मध्ये स्वतंत्र राज्य स्थापले, अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, वसविले आणि १६३६ मध्ये ते राज्य लयाला गेले. त्या दीडशे वर्षांतल्या राज्यकर्त्यांना पाण्याचे मोल किती कळले होते, हे या पर्जन्यछायेतल्या उजाड डोंगरावरचे हौद पाहिले म्हणजे ध्यानात येते. उन्हात घाट चढून आलेल्या आणि सोबतची बाटली रिकामी झालेल्या माणसाला तर ते अधिकच लवकर कळते!

तिसरा रस्ता उत्तर-पूर्वेचा. येथे डोंगर नाहीत. काळी जमीन, पाटाचे पाणी, उसाचे फड आणि प्रवरेचा काठ आहे. नदीच्या पलीकडे, श्रीरामपूर तालुक्यात दायमाबादचे पांढरीचे टेकाड आहे. इसवी सनापूर्वी दोन हजारांहून अधिक वर्षांपासून सुमारे एक हजार वर्षांपर्यंत येथे शेतकऱ्यांची वस्ती नांदत होती. १९५८ मध्ये हे स्थळ प्रकाशात आले. पुढे १९७४ मध्ये एका झुडपाचे मूळ खणताना काशाच्या चार वस्तू हाती लागल्या आणि दायमाबादचे नाव जगभरच्या पुरातत्त्वज्ञांच्या तोंडी झाले. हत्ती, गेंडा, रेडा आणि रथ अशा त्या चार वस्तू. त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत, पण त्यांच्या घडणीविषयी नाहीत. रथाला दोन बैल जुंपलेले आहेत, दोन चाके आहेत आणि वर एक माणूस उभा आहे. लांबी सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटर. प्रत्यक्ष टेकाडावर आज पाहण्यासारखे फारसे नाही. मृत्पात्रांचे तुकडे आणि नदीचा वारा, एवढेच. तरीही तेथवर दोन चाकांवरून गेलेल्या माणसाला तो रथ जितका जवळचा वाटेल, तितका तो संग्रहालयातल्या काचेआडही वाटणार नाही.

हे सारे सांगण्यामागे सायकलीचे गुणगान करण्याचा हेतू नाही. ते गुण सर्वांना पाठ आहेत. प्रश्न निराळा आहे. या तिन्ही रस्त्यांपर्यंत पोचण्यासाठी राहुरीकराला कोठे तरी महामार्गाशी गाठ घ्यावीच लागते. वांबोरीकडे जायचे तर मुळा ओलांडावी लागते आणि तेवढी वाट महामार्गाची असते. एरवी सुखाची ठरणारी फेरी या मैल-दोन मैलांत जिवावरची होते. एका बाजूने भरधाव वाहने आणि दुसऱ्या बाजूने रस्त्याची खचलेली कड! त्यात पंचाईत अशी की, सायकलीला अनुकूल असे हिवाळ्याचे महिने म्हणजेच साखर कारखान्यांचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर, ज्यांच्या पाठीमागे पुष्कळदा दिवा सोडाच, लाल परावर्तकही नसतो, पहाटेच्या धुक्यात समोर उभे ठाकतात. हौशी माणूस एखाद्या रविवारी हे टाळू शकतो. पण शाळेत जाणारी मुलगी, कारखान्यात पाळीवर जाणारा कामगार, बाजाराला भाजी नेणारा शेतकरी यांना ते रोजच टाळता येत नाही. रस्त्याचे खरे परीक्षक तेच आहेत, आणि त्यांचे मत कोणी विचारत नाही.

ते का विचारले जात नाही, याचे उत्तर आपल्याकडे, म्हणजे शिक्षक-कारकून-विद्यार्थी या वर्गाकडे आहे. एके काळी सायकल ही या वर्गाची होती. कॅरिअरला डबा आणि दांडीला पिशवी लावून गुरुजी शेजारच्या गावी शिकवायला जात. पुण्यासारखे शहर तर सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. त्या वेळी रस्ता बिघडला तर तक्रार अर्ज करणारी, वृत्तपत्रात पत्र लिहिणारी माणसेच त्यावरून जात होती. पुढे हातात चार पैसे आले, स्कूटर आली, मोटारसायकल आली. त्यात वावगे काही नाही. परंतु सायकल सोडताना आपण सायकलस्वाराची बाजूही सोडली. आज सायकल ज्यांच्याकडे उरली आहे, त्यांना अर्ज लिहिण्याची सवड नाही, आणि ज्यांना सवड आहे त्यांच्याकडे सायकल नाही.

शांत ग्रामीण रस्त्यांवरही हळूहळू हेच संकट येत आहे. रस्ता सुधारायचा म्हणजे रुंद करायचा आणि रुंद करायचा म्हणजे कडेची झाडे तोडायची, अशी आपली समजूत झाली आहे. वड-लिंबाची सावली गेली की उन्हाळ्यात तो रस्ता पायी जाणाऱ्यालाही नकोसा होतो, मग सायकलवाल्याची काय कथा! रुंदीबरोबर वेग वाढतो, वेगाबरोबर धोका वाढतो, आणि गावचा रस्ता केवळ नावापुरता गावचा राहतो.

यावर फार खर्चिक उपाय सुचवायचे नाहीत. राहुरीतून बाहेर पडणाऱ्या महामार्गाच्या दोन्ही कडांना सायकली आणि पादचारी यांच्यासाठी हातभर रुंदीची तरी पक्की, खड्डेविरहित पट्टी असावी. पुलावर तर ती अवश्य असावी. उसाच्या प्रत्येक ट्रॉलीला परावर्तक असल्याखेरीज ती कारखान्याच्या फाटकातून आत घेऊ नये. आडरस्त्यांची डागडुजी करताना झाडे राखावीत, तुटलेली पुन्हा लावावीत. ताहाराबाद, मांजरसुंबा, दायमाबाद या ठिकाणांकडे वळणाऱ्या प्रत्येक फाट्यावर अंतर दाखवणारा मराठी फलक आणि दोन ओळींचा इतिहास असावा. आणि शाळांनी वर्षातून एकदा तरी इतिहासाचा तास भिंतींबाहेर, सायकलीवर घ्यावा. वरच्या वर्गातली मुले, सोबत दोन शिक्षक, पंक्चर काढण्याचे साहित्य, हवेचा पंप आणि भरपूर पाणी, एवढी सामग्री त्यासाठी पुरे आहे.

या शेवटच्या सूचनेतच बाकीच्या सूचनांचे बळ आहे असे मला वाटते. चाळीस मुलांना घेऊन मुळेचा पूल ओलांडणाऱ्या शिक्षकाला रस्त्याची कड कोठे खचली आहे हे कोणी सांगावे लागणार नाही. तो संध्याकाळी घरी परतला की अर्ज लिहील, आणि त्या अर्जाखाली चाळीस पालकांच्या सह्या असतील. महिपतींनी चाकरीतली लेखणी खाली ठेवली ती अधिक मोठ्या कामासाठी. आपल्याला ती खाली ठेवण्याचीही आवश्यकता नाही. सायकलीवरून एक फेरी मारून आल्यावर ती उचलली, तरी पुष्कळ झाले.