माशांच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले तर...

दिवाणखान्यात रंगीत माशांची काचेची टाकी ठेवण्याची हौस मुंबई-पुण्याइतकीच बंगळूरलाही आहे. कब्बन पार्कमधील, १९८३ साली सुरू झालेले सरकारी मत्स्यालय पाहिले की मुले हट्ट धरणारच! पण मुंबईहून बदली होऊन इथे आलेल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुंबईच्या उबदार हवेत हीटरची फारशी गरज भासत नाही. सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या बंगळूरात मात्र डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १५-१६ अंशांवर येतो. टाकीतले पाणी एकाएकी गारठले की माशांची प्रतिकारशक्ती घटते आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग डोके वर काढतो.

रोग कसा ओळखावा?

अंगावर व परांवर रव्याच्या कणांसारखे ठिपके दिसतात. मासे दगडांवर अंग घासतात, खाणे सोडतात, भराभर श्वास घेतात.

हा रोग एका सूक्ष्म परजीवीमुळे होतो. तो माशाच्या त्वचेखाली वाढतो, मग गळून तळाशी जातो आणि तिथे त्याची शेकडो पिल्ले होतात. त्वचेखाली असताना त्याला औषध लागू पडत नाही. पिल्ले पाण्यात मोकळी फिरत असतानाच ती मरतात. म्हणून ठिपके गेले की औषध थांबवणे ही मोठी चूक ठरते. ठिपके दिसेनासे झाल्यावरही किमान आठवडाभर उपचार चालू ठेवा.

उपचार कसे करावेत?

हीटर लावून तापमान रोज एक-दोन अंशांनी वाढवत २८ अंशांवर न्या. उबेमुळे परजीवीचे जीवनचक्र लवकर पुरे होते आणि औषधाला संधी मिळते. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून हवेचा पंप चालूच ठेवा.

साधे, आयोडीन नसलेले खडेमीठ लिटरमागे २ ग्रॅम, म्हणजे ५० लिटरच्या टाकीला १०० ग्रॅम, पाण्यात विरघळवून दोन दिवसांत थोडेथोडे घाला. खवले नसलेल्या माशांना व पाणवनस्पतींना मीठ सोसत नाही. दुकानातले औषध वापरल्यास वेष्टनावरचेच प्रमाण पाळा, हातमोजे घाला आणि फिल्टरमधला कोळसा आधी काढा. घरात उरलेल्या अँटिबायोटिक कॅप्सूल पाण्यात सोडू नका. हा रोग जिवाणूंचा नसल्याने त्यांचा उपयोग नाही. उलट पाणी शुद्ध राखणारे जिवाणू मात्र मरतात.

पाणी बदलताना

सगळे पाणी एकदम बदलू नका. एक चतुर्थांश पुरे. सुमारे १०० किलोमीटरवरून येणारे कावेरीचे नळाचे पाणी क्लोरीनयुक्त असते. ते उघड्या बादलीत २४ तास ठेवा आणि टाकीइतके कोमट करूनच ओता. मीठ उडून जात नाही, म्हणून काढलेल्या पाण्यापुरतेच नवे मीठ घाला.

नवा मासा आणला की तीन-चार आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवा. एवढा धीर धरलात, तर पुढचे औषधपाणी बरेचसे वाचेल आणि मुलांचा हिरमोडही होणार नाही.