रंग अडवला की नक्षी उमटते

अजिंठ्याची लेणी सोयगाव तालुक्यात आहेत. तिथे गेलेल्यांचा सारा वेळ चित्रांतले चेहरे पाहण्यात जातो आणि अंगावरचे कपडे पाहायचे राहून जातात. पाचव्या शतकातल्या या चित्रांत बांधणीसारखे ठिपके आणि इकतसारखे पट्टे असलेली वस्त्रे दिसतात. बांधणीत कापडाला दोरा करकचून बांधला की गाठीखाली रंग पोचत नाही. इकतमध्ये विणण्याआधी सूतच बांधून रंगवतात. दोन्हीकडे नक्षी उमटते ती रंग अडवलेल्या जागी.

हाताने ठसे मारून शुभेच्छापत्रे करणारे आज हीच युक्ती कागदावर वापरतात.

दोऱ्याचे काम ठशाने करण्याची कल्पनाही जुनीच. कच्छच्या अजरखमध्ये चुना आणि डिंक कालवून लाकडी ठशाने कापडावर लावतात. जावा बेटावर एकोणिसाव्या शतकात तांब्याचे ठसे गरम मेणात बुडवून बाटिक छापू लागले आणि हाताने एकेक रेघ ओढण्याचे कष्ट वाचले. कार्डावर या मेणाची जागा एम्बॉसिंग पावडर घेते. ही उष्णतेने वितळणाऱ्या राळेची बारीक पूड असते.

कृती अशी. कार्डावर आधी टाल्कम पावडरचा पुसट हात फिरवा, म्हणजे पूड नको तिथे चिकटत नाही. पारदर्शक, सावकाश वाळणाऱ्या शाईने ठसा मारा. शाई ओली असतानाच पूड भुरभुरवा, कार्ड टिचकी मारून झटका आणि उरलेली पूड परत डबीत भरा. मग हीट गनने तापवा. पूड वितळून चकाकली की थांबा. केस वाळवायचा ड्रायर इथे कामाचा नाही. त्याची हवा पुरेशी तापत नाही आणि पूड मात्र उडवते. आता ब्रशने किंवा स्पंजने पाण्यात विरघळणारी शाई फिरवा. कागद ती शोषतो, राळ शोषत नाही. राळेवर उरलेले थेंब मऊ फडक्याने टिपले की ठशाची नक्षी कागदाच्या मूळ रंगात उठून दिसते. चकाकी नको असेल तर वर साधा कागद ठेवून गरम इस्त्री फिरवा. बरीचशी राळ त्या कागदावर निघून येते.

इथे कामाचा क्रम उलटा चालतो. सगळ्यात फिकट छटा आधी झाकायची. दुरंगी नक्षी हवी असेल तर पांढऱ्या कार्डावर पहिला ठसा, त्यावर पिवळी शाई, मग दुसरा ठसा आणि शेवटी गडद निळी. पहिला ठसा पांढरा राहतो, दुसरा पिवळा.

कागदही नीट निवडावा लागतो. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याला हातकागदाची परंपरा आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा कागद करणारे इथे आले असे मानतात. चिंध्यांपासून केलेला असा कागद दिसतो देखणा, पण त्याला खळ कमी असेल तर शाई आत पसरते आणि नक्षीची कड फुटते. शिवाय खडबडीत पृष्ठावर ठसा सलग बसत नाही. सुरुवात जाड, गुळगुळीत, पण चकाकी नसलेल्या कार्डपेपरवर करावी.

मुलांसाठी हीट गन नको. त्यांना भेंडीचा ठसा पुरतो. भेंडी आडवी कापून कड पुसायची, थोड्या पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये टेकवून कार्डावर छापायची. पूर्ण वाळल्यावर वरून जलरंग फिरवला की फुलांच्या रेघा फिकट राहतात. पांढऱ्या मेणबत्तीने आधी नक्षी काढली तरी चालते.

रंगाला अडवणारी राळ पेनालाही अडवते, मेणावरही शाई धरत नाही. तेव्हा संक्रांतीचे किंवा दिवाळीचे कार्ड करताना मजकुराची जागा पहिला ठसा मारण्याआधीच राखून ठेवा.